दूरचित्रवाणीचा कोपरा : कोलकात्याच्या हवेतील हिरवाई आणि सजावट

प्रत्येक घराच्या दिवाणखान्यात एक जागा अशी असते की, जिच्याकडे सर्व आसनांची तोंडे वळलेली असतात. एके काळी हा मान घरातील वडीलधाऱ्यांच्या बैठकीला होता. आज तो निर्विवादपणे दूरचित्रवाणी संचाकडे गेला आहे. पाहुणा घरात पाऊल टाकतो तेव्हा त्याची पहिली दृष्टी याच भिंतीकडे जाते आणि घरातील मंडळी दिवसभराच्या श्रमानंतर विसावतात तीही याच भिंतीसमोर. साहजिकच, हा कोपरा नीटनेटका, प्रसन्न आणि हिरवागार असावा, असे प्रत्येक गृहिणीला व गृहस्थाला वाटते.

नोकरीतील बदलीमुळे वा व्यवसायानिमित्त महाराष्ट्रातून कोलकात्यास आलेल्या कुटुंबांपुढे मात्र या बाबतीत एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. पुण्याच्या किंवा नाशिकच्या कोरड्या हवेत जी मांडणी वर्षानुवर्षे टिकली, ती येथील दमट हवेत एका पावसाळ्यात कोमेजते. लाकडी फळी फुगते, भिंतीवर बुरशी धरते, कुंडीतील मुळे कुजतात. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासाच्या परिसरात भेटणाऱ्या मंडळींत असो, वा बऊबाजारात सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायात स्थिरावलेल्या सांगली जिल्ह्यातील कुटुंबांत असो, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. म्हणूनच या शहराचे हवामान, येथील घरांची ठेवण आणि येथे सहज मिळणाऱ्या वस्तू यांचा विचार करून दूरचित्रवाणीचा कोपरा कसा सजवावा, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

पेटीपासून पाटीपर्यंत

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आणि कोलकाता केंद्र ९ ऑगस्ट १९७५ रोजी कार्यान्वित झाले. त्या काळातील संच म्हणजे सागवानी दारे असलेली एक भरभक्कम पेटीच होती. तिच्या माथ्यावर क्रोशाने विणलेला रुमाल, त्यावर फुलदाणी आणि एखादी चिनी मातीची बाहुली, अशी सजावट मुंबईपासून कोलकात्यापर्यंत सर्वत्र दिसे. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले तरी ही रीत बदलली नाही, कारण संचाला खोली होती आणि माथ्यावर जागा होती.

आजचा संच पाटीसारखा सपाट आहे. त्याच्यावर काही ठेवता येत नाही. त्यामुळे सजावट माथ्यावरून उतरून दोन्ही बाजूंना, खालच्या फळीवर आणि मागच्या भिंतीवर पसरली. येथेच चुका होण्यास वाव निर्माण झाला. जागा अधिक मिळाली की वस्तू अधिक येतात आणि वस्तू अधिक आल्या की डोळ्यांना विसावा मिळत नाही. या कोपऱ्याची सजावट करताना पहिला नियम हा की, पडदा चालू असताना त्याच्या आजूबाजूला चकाकणारे, हलणारे किंवा लुकलुकणारे काहीही नसावे.

भिंतीची निवड

कोलकात्यात घर पाहताना ‘दोख्खिन खोला’ म्हणजे दक्षिणेस मोकळे आहे का, हा प्रश्न आवर्जून विचारला जातो. उन्हाळ्यात समुद्राकडून येणारा वारा दक्षिणेच्या खिडकीतून घरात शिरतो आणि हिवाळ्यात कललेल्या सूर्याचे ऊन याच खिडकीतून खोलीत लांबवर पोहोचते. अशी खिडकी लाभली असल्यास संच तिच्यासमोर ठेवू नये, कारण पडद्यावर उजेडाची तिरीप पडून चित्र फिके दिसते. खिडकीला पाठ करूनही ठेवू नये, कारण मागून येणाऱ्या प्रखर उजेडामुळे डोळे शिणतात आणि वाराही अडतो. खिडकी दक्षिणेस असेल तर पूर्वेची किंवा पश्चिमेची भिंत संचासाठी योग्य होय. उजेड बाजूने येतो, चित्र स्वच्छ राहते आणि खिडकीलगतच्या बाजूस रोपांनाही प्रकाश मिळतो.

उंचीचा विचारही महत्त्वाचा आहे. आसनावर बसलेल्या प्रौढ व्यक्तीचे डोळे जमिनीपासून साधारणतः १०० ते ११० सेंटिमीटर उंचीवर असतात. पडद्याचा मध्य याच सुमारास असावा. पुष्कळ घरांत संच तसबिरीप्रमाणे उंच टांगलेला आढळतो आणि मग मान दुखण्याची तक्रार सुरू होते. अंतराबाबत ढोबळ हिशेब असा की, पडद्याच्या कर्णाच्या दीड ते अडीच पट अंतरावर बसावे. ४३ इंची संचाचा कर्ण सुमारे १०९ सेंटिमीटर असतो, म्हणजे बसण्याची जागा १६५ ते २७० सेंटिमीटरच्या दरम्यान असावी.

भिंत ठरली की तिची प्रकृती तपासावी. उत्तर कोलकात्यातील जुन्या घरांच्या भिंती चुना-सुरकीत बांधलेल्या, जाड परंतु वरून ठिसूळ झालेल्या असतात. त्यांत साधा खिळा धरत नाही. अशा भिंतीत संच टांगण्यापूर्वी अनुभवी मिस्त्रीचा सल्ला घ्यावा किंवा संच सरळ बैठ्या कपाटावर ठेवावा. भिंतीवर पांढरी भुकटी दिसत असेल तर ती केवळ रंगाची पुटे समजू नयेत. मराठीत याला लोणा लागणे म्हणतात आणि बंगालीतही त्याच अर्थाने ‘नोना धरा’ असा प्रयोग आहे. ओलाव्याबरोबर वर येणारे क्षार भिंतीचा गिलावा पोखरतात. अशा भिंतीवर कागदी वॉलपेपर किंवा लाकडी तक्तपोशी लावल्यास दोष झाकला जातो, परंतु आतील ओल वाढतच राहते. प्रथम गळतीचे मूळ शोधावे, भिंत वाळू द्यावी आणि मगच सजावटीस हात घालावा. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवल्यास मागे हवा खेळती राहते, संचाची उष्णता निघून जाते आणि तारांचा गुंताही नीट आवरता येतो.

कोणती रोपे, आणि का

वनस्पतींच्या अभ्यासाशी या शहराचे नाते जुने आहे. हुगळीच्या पश्चिम काठावर शिबपूर येथे १७८७ साली कर्नल रॉबर्ट किड यांनी उभारलेले वनस्पती उद्यान आज आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते आणि तेथील विस्तीर्ण वटवृक्ष जगप्रसिद्ध आहे. विल्यम कॅरी यांनी १८२० मध्ये स्थापन केलेल्या कृषी-उद्यानविद्या संस्थेची बाग अलीपूर येथे आहे. रविवारी बागबाजारजवळ गॅलिफ स्ट्रीटवर भरणाऱ्या बाजारात रोपे, कुंड्या आणि खते यांची रेलचेल असते. त्यामुळे रोपांची वाण कोलकातावासीयांस कधीच पडत नाही. अडचण असते ती निवडीची.

दूरचित्रवाणीच्या भिंतीजवळ बहुधा उजेड कमी असतो. खिडकीपासून जसजसे दूर जावे तसतसा प्रकाश झपाट्याने घटतो. मानवी डोळा अंधुक उजेडाशी जुळवून घेतो, म्हणून आपल्याला तो फरक जाणवत नाही. रोपाला मात्र तो लगेच भासतो. फरक एवढाच की, ते तत्काळ तक्रार करीत नाही. अपुऱ्या प्रकाशात ठेवलेले रोप काही आठवडे साठवलेल्या अन्नावर तग धरते. नवी जमा नसताना मुदत ठेव मोडून खर्च भागवावा, तसाच हा प्रकार आहे. शिल्लक संपली की पाने पिवळी पडतात आणि दोष पाण्याला किंवा खताला दिला जातो.

यास्तव कमी उजेडात टिकणारी रोपे निवडावीत. मनीप्लँट, स्नेक प्लँट, झेडझेड प्लँट आणि ॲग्लोनेमा ही त्यांतील विश्वसनीय नावे होत. कोलकात्याची आर्द्र हवा नेचे आणि अरेका पाम यांना मानवते, परंतु त्यांना खिडकीजवळची जागा द्यावी. क्रोटनची रंगीत पाने मोहात पाडतात, पण उन्हावाचून तो रंग टिकत नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे रोपांचे दोन संच ठेवणे. एक संच दिवाणखान्यात आणि दुसरा सज्जात ठेवून दर पंधरवड्यास त्यांची अदलाबदल करावी. सज्जात परत नेताना रोप प्रथम सावलीत ठेवावे, कारण एकदम कडक ऊन लागल्यास पाने करपतात.

मांडणी करताना उंच रोप एका बाजूस, मध्यम उंचीचे दुसऱ्या बाजूस आणि एखादे पसरणारे रोप खालच्या फळीच्या कडेस ठेवावे. दोन्ही बाजूंना अगदी सारख्या कुंड्या ठेवल्यास कोपरा मंचासारखा दिसू लागतो. पाने पडद्याच्या आड येऊ नयेत, तसेच दूरनियंत्रकाचा संकेत पकडणाऱ्या भागासमोरही येऊ नयेत. पंख्याच्या वाऱ्याने सतत हलणारे पान पडद्याशेजारी असेल तर ते लक्ष विचलित करते, म्हणून ताठ पानांची रोपे पडद्यानजीक आणि मऊ पानांची दूर ठेवणे श्रेयस्कर.

दोन समजुतींचा येथे परामर्श घेतला पाहिजे. पहिली अशी की, घरातील रोपे हवा शुद्ध करतात. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ च्या अभ्यासाचा आधार यासाठी दिला जातो. तो प्रयोग लहान, बंदिस्त पेट्यांमध्ये केलेला होता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, प्रत्यक्ष घरात खिडकीतून येणाऱ्या हवेइतका परिणाम साधायचा झाल्यास दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजार रोपे लागतील. तेव्हा हवेसाठी खिडकी उघडावी आणि रोपे डोळ्यांच्या व मनाच्या समाधानासाठी ठेवावीत. दुसरी समजूत मनीप्लँटने धन वाढते ही होय. दक्षिण प्रशांत महासागरातील बेटांवरून जगभर पसरलेल्या या वेलीला तसे काही सामर्थ्य असल्याचा पुरावा नाही. धन वाढते ते नियमित बचतीने.

बाटलीतील पाणी : दुर्लक्षित धोका

दूरचित्रवाणीशेजारी काचेच्या बाटलीत मनीप्लँट किंवा ‘लकी बांबू’ ठेवण्याची पद्धत घरोघरी आढळते. दिसण्यास ती मोहक आहे, परंतु कोलकात्यासारख्या शहरात याच बाटलीत मोठा धोका दडलेला असू शकतो. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास गटारात नव्हे, तर घरातील स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि मुख्यतः दिवसा चावतो. भारतातील डेंग्यूची विषाणू-तपासणीने सिद्ध झालेली पहिली मोठी साथ १९६३-६४ मध्ये याच शहरात उद्भवली होती आणि आजही पावसाळा व त्यानंतरचे महिने येथे चिंतेचे असतात. लकी बांबूच्या पाण्यातून डासांचा प्रवास खंडाखंडांतून होऊ शकतो, याचाही दाखला आहे. २००१ साली अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात एडिस वर्गातील एक डास आशियातून पाण्यात पाठविलेल्या याच रोपांबरोबर पोहोचला होता.

उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास तयार होण्यास साधारणतः सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पाणी पूर्णपणे बदलणे आवश्यक आहे. नुसते पाणी ओतून देणे मात्र पुरेसे नाही. अंडी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या आतील बाजूस चिकटलेली असतात आणि कोरड्या स्थितीतही ती महिनोन्‌महिने तग धरतात. नवे पाणी भरताच ती पुन्हा उबतात. यासाठी बाटली आतून ब्रशने घासून धुवावी, मुळेही वाहत्या पाण्याखाली धरावीत आणि बाटलीच्या तोंडाशी देठाभोवती कापसाचा बोळा बसवावा. कुंडीखालील ताटली ही दुसरी जागा. तिच्यात वाळू भरून ठेवावी, अथवा पाणी घातल्यानंतर अर्ध्या तासाने ती रिकामी करावी. ज्यांना दर आठवड्याचे हे काम जमणार नाही, त्यांनी रोप सरळ मातीत लावावे, हेच उत्तम. घराला कुलूप लावून पूजेच्या सुट्टीत गावी जाताना तर पाण्यातील एकही रोप मागे ठेवू नये.

लहान मुले असलेल्या घरात आणखी एक दक्षता हवी. मनीप्लँट, ॲग्लोनेमा, सिंगोनियम, डिफेनबेकिया यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चावले गेल्यास तोंडाची आग होते व सूज येते. रांगते मूल किंवा मांजर घरात असल्यास अरेका पाम किंवा स्पायडर प्लँट ही निर्धोक रोपे निवडावीत.

बंगालच्या वस्तू, आपला कोपरा

सजावटीसाठी दूरवरून महागड्या वस्तू मागविण्याचे कोलकात्यात कारणच नाही. बांकुडा जिल्ह्यातील पांचमुडा येथील कुंभारांचे भाजलेल्या मातीचे घोडे जगभर ओळखले जातात. ताठ मान आणि उभे कान असलेला हा घोडा बैठ्या कपाटाच्या एका टोकास शोभून दिसतो. मेणाच्या साच्यातून पितळ ओतून घडविलेल्या डोक्रा मूर्ती बांकुड्यातील बिकना आणि बर्धमानकडील दरियापूर येथे तयार होतात. २०१८ साली या दोन्ही कलांना भौगोलिक निर्देशांक लाभला. काळ्या पडद्याशेजारी डोक्राचा मंद पिवळा रंग उठून दिसतो आणि पॉलिश न केलेल्या पृष्ठभागामुळे उजेडाची तिरीपही पडत नाही.

मेदिनीपूर भागातील मादूर ही बारीक काड्यांची चटई जमिनीवर अंथरता येते, तशीच मागच्या भिंतीवर टांगताही येते. तिच्यामुळे पडद्यामागील कोरी पांढरी भिंत सौम्य होते आणि आवाजाचा घुमाराही थोडा कमी होतो. जुन्या साड्यांचे थर एकत्र शिवून केलेला नक्षी कांथा कपाटावरील आच्छादनासाठी वापरता येईल. ज्यूटच्या दोरीचे बंगाली ‘शिका’ आणि आपले ‘शिंके’ ही तर सख्खी भावंडे, कारण दोन्ही शब्द संस्कृत ‘शिक्य’ या एकाच मूळातून आले आहेत. आजीच्या स्वयंपाकघरात दह्याचे मडके सांभाळणारे शिंके येथे खिडकीजवळ कुंडी टांगण्यास उपयोगी पडते. मात्र ते संचाच्या वर कदापि टांगू नये.

या वस्तूंची काळजी हवामानानुसार घ्यावी लागते. शोलापिठाची शुभ्र फुले दमटपणाने पिवळी पडतात, म्हणून ती काचेआड ठेवावीत. डोक्रा मूर्ती कोरड्या फडक्याने पुसाव्यात. मादूर पावसाळ्यात भिंतीवरून उतरवून, पुसून, पंख्याखाली वाळवावी, अन्यथा तिच्यामागे बुरशी धरते. आणि मुख्य म्हणजे एका वेळी तीन किंवा चारच वस्तू मांडाव्यात. उरलेल्या कपाटात ठेवून सणावारी पालट करावा. पोइला बैशाखला एक आणि दिवाळीला दुसरी, अशी मांडणी बदलली की कोपरा नेहमी नवा वाटतो.

वीज, पाणी आणि वादळ

संच, सेट-टॉप बॉक्स किंवा विजेची पट्टी यांच्यावर अथवा वरच्या बाजूस पाण्याचे भांडे किंवा कुंडी कधीही ठेवू नये. रोपांवर पाण्याचा फवारा मारायचा असल्यास ती सज्जात किंवा न्हाणीघरात नेऊन मारावा, निथळू द्यावा आणि मगच रोप जागेवर आणावे. तारा जमिनीवरून न नेता कपाटाच्या मागील बाजूस पट्टीने बांधाव्यात. विजेचे बटण कुंडीपासून दूर आणि जमिनीपासून उंच असावे.

चैत्र-वैशाखात सायंकाळी येणारे ‘कालबैशाखी’ वादळ हा कोलकात्याचा ठरलेला पाहुणा होय. आकाश काळवंडताच संचाचा प्लग आणि केबलची जोडणी काढून ठेवावी. २० मे २०२० रोजीच्या अम्फान चक्रीवादळाने शहराची जी हानी केली, ती ध्यानात ठेवून वादळाचा इशारा मिळताच खिडकीतील व सज्जातील कुंड्या आत घ्याव्यात. सपाट संच वजनास हलका आणि तोलास नाजूक असतो. कपाटावर ठेवलेला संच पट्ट्याने भिंतीस जखडावा. खेळण्यासाठी किंवा दूरनियंत्रकासाठी कपाटावर चढणाऱ्या मुलाच्या अंगावर संच कोसळू शकतो. म्हणून मुलांना हवीशी वाटणारी कोणतीही वस्तू संचाच्या आसपास ठेवू नये.

खर्चाचा हिशेब

सजावटीचा विचार सुरू झाला की मोठा संच घेण्याचाही मोह होतो. ‘बिनव्याजी हप्ते’ ही जाहिरात याच वेळी डोळ्यांत भरते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच स्पष्ट केले आहे की, शून्य टक्के व्याज अशी गोष्ट प्रत्यक्षात नसते. व्याज कोठे ना कोठे, किमतीत किंवा शुल्कात, समाविष्ट असते. समजा, एखादा संच ३,००० रुपयांच्या १२ हप्त्यांनी मिळतो आणि तोच रोखीने ३३,००० रुपयांस मिळतो. हप्त्यांची बेरीज ३६,००० रुपये होते. म्हणजे ३,००० रुपये हे व्याजच झाले, मग त्यास नाव काहीही असो. त्यावर प्रक्रिया शुल्क असल्यास ते वेगळे. खरेदीपूर्वी विक्रेत्यास रोख किंमत आणि हप्त्यांची एकूण रक्कम, असे दोनच प्रश्न विचारावेत.

याउलट वर्षभर आवर्ती ठेवीत दरमहा ठरावीक रक्कम भरल्यास व्याज ग्राहकाच्या पदरी पडते आणि रोख खरेदीची सवलतही मिळते. मधल्या काळात जुन्याच संचाभोवती दोन मातीच्या कुंड्या, एक मादूर आणि एक बांकुड्याचा घोडा मांडून पाहावा. कदाचित असेही लक्षात येईल की, उणीव संचाच्या आकाराची नव्हती, कोपऱ्याच्या मांडणीची होती.

आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १९१७ साली कोलकात्यात स्थापन केलेल्या विज्ञान मंदिरात, वनस्पती भोवतालच्या प्रत्येक बदलास प्रतिसाद देतात, हे सूक्ष्म उपकरणांच्या साहाय्याने दाखवून देण्यात आले. घरातील रोपटेही तसाच प्रतिसाद देत असते, फक्त तो पाहण्यासाठी पडद्यावरून क्षणभर नजर हटवावी लागते. आठवड्यातून एक ठरलेला दिवस पाणी बदलण्यास, पाने पुसण्यास आणि कोपऱ्यातील धूळ झटकण्यास द्यावा. त्या कामात मुलांनाही सहभागी करून घ्यावे. घराची शोभा वाढेल, आणि पावसाळ्याच्या अखेरीस घरातील कोणीही तापाने अंथरूण धरले नाही, तर ती या कोपऱ्याची खरी कमाई ठरेल.